फ्रीजरमध्ये पाय

"आई, उद्याच्या पार्टीसाठी फ्रीजरमध्ये पाय ठेवलाय," असं फोनवर सांगितलं आणि पलीकडे पाच सेकंद शांतता. मग घाबरलेला आवाज, "अगं, कुणाचा?"

तर मंडळी, हा पाय लिंबाचा! खाली बिस्किटांचा कुरकुरीत तळ, वर आंबटगोड थर आणि सगळं प्रकरण थंडगार गोठलेलं. पण तो करायचं खरं कारण जरा पर्सनल आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण बंगळुरूला निघाली. सेंडऑफ अर्थातच माझ्या फ्लॅटवर. मी हौसेनं पास्ता, कटलेट्स, शिवाय गरमागरम गुलाबजाम असा बेत ठरवला आणि अख्खी संध्याकाळ कढईसमोर काढली. हॉलमधून हसण्याचे आवाज येत होते, मी घाम पुसत होते. बसची वेळ झाली तेव्हा ती दारात म्हणाली, "तू होतीस कुठे गं?" हसतच म्हणाली, पण मला लागलं. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. नंतर फोनही कमी होत गेले.

या मे महिन्यात ती एका दिवसासाठी पुण्यात येणार म्हटल्यावर मी नियमच केला. शुक्रवारी रात्रीपर्यंत जे तयार होणार नाही, ते शनिवारच्या मेन्यूत नाही. मग आठवला हा पाय.

मूळचा तो अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या 'कीज' बेटांवरचा. 1912 मध्ये रेल्वे की वेस्टला पोचेपर्यंत तिथे ताजं दूध मिळणं कठीण होतं, त्यामुळे सगळी भिस्त डब्यातल्या कंडेन्स्ड मिल्कवर. 2006 मध्ये फ्लोरिडानं या 'की लाइम पाय'ला राज्याच्या अधिकृत पायचा मान दिला. आणि ते फेमस 'की लाइम' म्हणजे कोण? आपलं मंडईतलं पातळ सालीचं कागदी लिंबू!

आता कृती. मारी बिस्किटांचा 200 ग्रॅम चुरा आणि 100 ग्रॅम वितळलेलं लोणी कालवा. नऊ इंची टिनला बटर पेपर लावून त्यात हे मिश्रण वाटीच्या बुडानं घट्ट दाबा. आठ-दहा लिंबं धुऊन आधी दोन-तीन लिंबांची हिरवी साल किसा. पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा. मग अर्धा कप रस काढून गाळून घ्या. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (साधारण 400 ग्रॅम), डेअरीतला 200 ग्रॅम बिनसाखरेचा चक्का, किसलेली साल आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटा. शेवटी रस घाला आणि गंमत बघा. चमच्याखाली मिश्रण घट्ट व्हायला लागतं, कारण लिंबाचं आम्ल दुधातली प्रथिनं बांधून धरतं. दूध आधीच आटलेलं आणि साखरेनं भरलेलं, म्हणून ते फाटत नाही. अंडी नाहीत, गॅसही फक्त लोणी वितळवण्यापुरता.

तळावर ओता, घट्ट झाका (नाहीतर पायला सुरमईचा वास!) आणि रात्रभर फ्रीजरमध्ये. साखरेमुळे तो दगडासारखा होत नाही. खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा आणि गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं कापा.

शनिवारी दुपारी लाइट गेली. जायचीच! दीड तास मी फ्रीजर उघडला नाही, नुसती त्याच्याकडे बघत बसले. लाइट आली, पाय जागच्या जागी. संध्याकाळी बाकीचं जेवण बाहेरून मागवलं आणि पहिल्यांदाच माझ्याच पार्टीत मी सोफ्यावर होते.

पायचे तुकडे घेऊन आम्ही दोघी बाल्कनीत गेलो. तिनं पहिला घास घेतला, आंबटपणानं एक डोळा मिटला आणि म्हणाली, "तिकडे पहिले सहा महिने मी रोज रडायचे, माहितीये?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मग आम्ही बोललो. खूप बोललो. प्लेटमधला पाय वितळून गेला, तोही चमच्यानं संपवला. रात्री बसपर्यंत सोडायला मीच गेले.

घरी आले तर सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर आणि मोबाइलवर आईचा मिस्ड कॉल. लावला.

"कसा आहे गं पाय आता?"

"संपला," म्हटलं. "पुढच्या शनिवारी परत ठेवतेय. तूच ये."