रेकॉर्डच्या दुकानात ब्लूज का रेकॉर्ड व्हायचा? आणि त्याचे पैसे कुणाला मिळतात?

रील्स बघताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. जुन्या रेकॉर्ड्सनी गच्च भरलेलं दुकान, मधल्या चिंचोळ्या जागेत खुर्ची टाकून बसलेला गिटारवाला, आणि आजूबाजूला अंग चोरून उभी असलेली वीस-पंचवीस माणसं. आवाजात मध्येच कुणाचा खोकला, मध्येच दाराची घंटी. खाली कमेंट ठरलेली: 'याला म्हणतात खरं संगीत!'

अमेरिकेत अशा मैफली आता नेहमीच्या झाल्या आहेत. १९ एप्रिल २००८ ला तिथे पहिला 'रेकॉर्ड स्टोअर डे' साजरा झाला. तेव्हापासून दरवर्षी एप्रिलमध्ये छोटी स्वतंत्र दुकानं कलाकारांना बोलावतात. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं, गाणं संपलं की लोक तिथेच रेकॉर्ड विकत घेतात. २०२४ मध्ये अमेरिकेत विनाइल रेकॉर्ड्स सुमारे ४.४ कोटी विकल्या गेल्या, सीडी ३.३ कोटी. ऐकायला हे छान वाटतं, पण त्याच वर्षी तिथल्या रेकॉर्डेड संगीताच्या कमाईतला सुमारे ८४ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता. म्हणजे माणसं दुकानाच्या दारात यावीत यासाठी दुकानदाराला काहीतरी कारण द्यावंच लागतं.

पण ब्लूज आणि रेकॉर्डचं दुकान यांचं नातं या मार्केटिंगहून खूप जुनं आहे. आपण ज्याला आज 'कच्चा, अस्सल साउंड' म्हणून लाइक करतो, तो मुळात कुणी ठरवून केलेला नव्हता. दुसरी जागाच नव्हती म्हणून तो तसा आला.

त्यासाठी डेट्रॉईटला जावं लागेल.

१९४५ मध्ये जो व्हॉन बॅटल नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने तिथल्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर 'जोज रेकॉर्ड शॉप' उघडलं. मोटार कारखान्यांत कामाला म्हणून दक्षिणेतल्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं या शहरात आली होती, आणि घरं त्यांना मोजक्याच वस्त्यांत मिळायची. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्या वस्तीचा मुख्य रस्ता. बार, हॉटेलं, न्हाव्यांची दुकानं, चर्च, सगळं तिथेच.

शहरात चांगले स्टुडिओ नव्हते असं नाही. जॉन ली हूकरचं 'बूगी चिलन' १९४८ मध्ये डेट्रॉईटच्याच युनायटेड साउंड स्टुडिओत रेकॉर्ड झालं. पण स्टुडिओ म्हटला की पैसे आले, आणि पाठीशी कुणीतरी कंपनी हवी. रस्त्यावर वाजवणाऱ्याला कोण आत घेणार? जो मात्र दिवसभर काउंटरवर उभा असायचा. गिऱ्हाईक काय मागतं हे त्याला कुठल्याही कंपनीच्या साहेबापेक्षा जास्त कळायचं. त्याने दुकानाच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं यंत्र बसवलं आणि 'जेव्हीबी' हे स्वतःचं लेबल काढलं.

मग त्या खोलीत काय काय झालं बघा. डेट्रॉईट काउंट नावाच्या पियानोवाल्याने 'हेस्टिंग्ज स्ट्रीट ऑपेरा' रेकॉर्ड केलं. नावात ऑपेरा असला तरी त्यात तो पियानो बडवत बडवत रस्त्यावरच्या एकेका बारची नावं घेत, टवाळी करत पुढे जातो. हूकरही इथे वाजवून गेला. हा गडी त्या काळात करार एका कंपनीशी आणि रेकॉर्डिंग दुसरीकडे, असं सर्रास करायचा. त्यासाठी टेक्सस स्लिम, डेल्टा जॉन, बर्मिंगहॅम सॅम अशी नावं बदलायचा. रोख पैसे हातात पडायचे ते असेच.

आणि १९५६ मध्ये आला वन स्ट्रिंग सॅम. रस्त्यावर वाजवणारा. वाद्य काय, तर लाकडाच्या फळीवर ताणलेली एकच तार. आपलं तुणतुणंही एकाच तारेचं, पण ते गाण्याला साथ देतं. सॅम त्या तारेवर काच घासून तिच्याकडून पूर्ण चाल वदवून घ्यायचा. त्याची दोन गाणी झाली. त्यातल्या एकात तो शंभर डॉलर मागतोय. पुढे संग्राहकांनी ही रेकॉर्ड जिवापाड जपली, पण सॅम मोठ्या मंचावर दिसला तो थेट १९७३ मध्ये, अ‍ॅन आर्बरच्या ब्लूज महोत्सवात.

याच जोने त्याच रस्त्यावरच्या न्यू बेथेल चर्चमधली रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं रेकॉर्ड केली. दुकानाबाहेर लाउडस्पीकर लावून ती वाजवली की रस्त्यात गर्दी व्हायची. फ्रँकलिन यांच्या मुलीची पहिली रेकॉर्डिंग्जही त्याचीच, तीही चर्चमध्ये केलेली. मुलीचं नाव अरेथा, वय १४.

मग हे दुकान गेलं कुठे?

एकदा रस्त्याखाली गेलं, एकदा आगीत.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर फ्रीवे आणायचं काम सुरू झालं. वस्ती उठली, चर्च उठलं, दुकान उठलं. जोने ट्वेल्थ स्ट्रीटवर नवं दुकान थाटलं. जुलै १९६७ मध्ये पोलिसांनी त्याच रस्त्यावरच्या एका बेकायदा बारवर धाड टाकली आणि शहर पेटलं. ४३ जणांचा जीव गेला. जोचं दुकानही त्यात सापडलं. जे जळलं नाही ते बंबाच्या पाण्याने भिजलं. किती टेप्स गेल्या, कुणाच्या गेल्या, याची यादी आता कुणी करू शकत नाही. जो १९७३ मध्ये वारला. त्याची लेक, लेखिका मार्शा म्युझिक, हा सगळा इतिहास लिहून आणि सांगून टिकवते आहे.

याच फ्रीवेचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे आय-३७५, जेमतेम दीड किलोमीटरचं. ते पाडून तिथे साधा रस्ता करण्यासाठी २०२२ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने १०.४६ कोटी डॉलर मंजूर केले. जुनी चूक दुरुस्त होणार, अशी भाषणं झाली. २०२५ मध्ये खर्च वाढल्याचं कारण देत राज्याच्या रस्ते विभागाने काम थांबवलं. जोचं पहिलं दुकान मात्र आणखी उत्तरेला होतं. ती जागा या योजनेत मुळात नव्हतीच.

आणि पैसे?

इथे कायदा थोडा गमतीशीर आहे. २०१८ च्या 'म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट'नुसार १९४७ ते १९५६ दरम्यान प्रकाशित झालेल्या रेकॉर्डिंगला अमेरिकेत ११० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे सॅमची ती दोन गाणी २०६६ च्या अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीची. संरक्षण मिळतं ते रेकॉर्डिंगच्या हक्कधारकाला, आणि मागच्या खोलीत चार पैसे घेऊन वाजवणारा बहुतेकदा तो नसतो. इंटरनेट रेडिओसारख्या सेवांवर वाजलं तर कलाकाराचा ४५ टक्के वाटा कायद्यानेच ठरलेला आहे. पण त्यासाठी तो कलाकार किंवा त्याचे वारस सापडायला हवेत, नोंदणी व्हायला हवी. टोपणनावाने गायलेल्या रस्त्यावरच्या माणसाचे वारस शोधायचे कुणी? स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तर हा वाटा लागू नाही. तिथे पैसे हक्कधारकाकडून करारानुसार पुढे जातात, आणि २०२४ पासून १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. जुन्या ब्लूजच्या कितीतरी अनोळखी गाण्यांना हा आकडा जड आहे.

आजच्या कलाकाराची बाजू एका बाबतीत बरी आहे. १९९४ पासून अमेरिकेत कलाकाराच्या संमतीशिवाय त्याची मैफल रेकॉर्ड करणं बेकायदा आहे. पण संमती म्हणजे मालकी नव्हे. दुकानातली मैफल दुकानाच्या चॅनलवर जाते, तेव्हा त्या व्हिडिओचा मालक कोण आणि उद्या त्याची रेकॉर्ड निघाली तर कुणाला किती, हे आधी कागदावर लिहिलेलं असेल तरच वाद होत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या गिटारवाल्याला त्या दिवशी असा कागद मागणं जरा अवघड जातं. सत्तर वर्षांपूर्वी हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ते त्याहून अवघड होतं.