विद्यार्थ्यांनी पैसे मागू नयेत?

अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या छंद-क्लबकडे पैसा चार वाटांनी येतो: सभासदांची वर्गणी, महाविद्यालयाचे अनुदान, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि कंपन्यांचे प्रायोजकत्व. आकाशनिरीक्षण किंवा ट्रेकिंग करणाऱ्या क्लबचे पहिल्या दोन वाटांवर भागते. यंत्र बनवणाऱ्यांचे भागत नाही. बाहा ही खडबडीत वाटांवर धावणाऱ्या गाड्यांची विद्यार्थी-स्पर्धा भारतात २००७ पासून होते. पहिली स्पर्धा इंदूरजवळच्या पीथमपूरला झाली आणि महाराष्ट्रातले अनेक संघ वर्षानुवर्षे तिथे जात आले. पेट्रोल गाड्यांच्या गटात दीर्घकाळ सगळ्या संघांना एकाच बनावटीचे दहा अश्वशक्तीचे इंजिन असे. बाकी सांगाडा, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंगची जुळणी हे सारे मुलांनी करायचे. पाइप, टायर, जॉबवर्क, प्रवेश शुल्क, गाडी नेण्याचे ट्रकभाडे असे धरत गेले की खर्च लाखांत जातो.

या खर्चासाठी मुलांनी कंपन्यांच्या दारात जाऊ नये, असे एक मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. छंद ही हौस आहे आणि हौसेचे मोल ज्याने त्याने द्यावे. दुसऱ्याकडे मागणे ही भीकच. प्रायोजक घेतला की मुले त्याचे चालते जाहिरातफलक होतात. अभ्यास बुडतो. खरे तर सगळा खर्च महाविद्यालयानेच करावा. मत एवढेच आहे.

यातले शेवटचे विधान पहिल्याला छेद देते: ज्याने त्याने द्यायचे असेल तर महाविद्यालयाने का द्यावे? अभ्यासाचे म्हणाल, तर ब्रेकच्या पॅडलवर पडणारे बल स्वतः मोजून बसवलेला मुलगा यंत्ररचनेच्या पेपरात मागे पडत नाही. जाहिरातफलकाचा आक्षेप जुना आहे. एकांकिका करणाऱ्या महाविद्यालयीन संघांनी स्मरणिकेसाठी पेठेतल्या दुकानदारांच्या जाहिराती गोळा केल्या, तेव्हाही कला विकली गेली अशी ओरड झाली होती. मिठाईवाल्याची अर्धे पान जाहिरात छापली म्हणून संहितेतली एक ओळही बदलत नसे. त्या जाहिरातींवर नेपथ्याचे आणि प्रवासाचे पैसे निघाले, आणि ओरडणारे एकदाही तिकीट काढून प्रयोगाला आले नाहीत.

मूळ मुद्दा स्वतःच्या खिशाचा आहे आणि तोच सर्वांत घातक आहे. समजा, संघ पंचवीस जणांचा आणि खर्च सहा लाखांचा. डोई चोवीस हजार रुपये. पुण्यात किंवा ठाण्यात घर असलेला, दोन्ही पालक नोकरीत असलेला मुलगा हे पैसे आणतो. औशाहून किंवा जतहून आलेला, वसतिगृहात राहून मेसचे बिल हप्त्यांनी भरणारा मुलगा पहिल्याच बैठकीला गप्प बसतो आणि दुसऱ्या बैठकीला येत नाही. हाच मुलगा अनेकदा बापाच्या गॅरेजात शाळेपासून वेल्डिंगचा होल्डर धरलेला असतो. जो संघाला सर्वांत जास्त हवा, तोच बाहेर राहतो. आत राहतात ते पैसे भरू शकणारे. पुढचा परिणाम आणखी वाईट. ज्याने पैसे जास्त भरले, तो गाडी चालवण्याचा हक्क सांगतो, आणि संघनायकाला त्याला नाही म्हणता येत नाही. हौसेचे मोल ज्याने त्याने द्यावे, या वाक्याचा अर्थ व्यवहारात इतकाच उरतो की हौस श्रीमंताच्या मुलाने करावी. हे उघडपणे म्हणण्याचे धैर्य त्या मताच्या पुरस्कर्त्यांनी दाखवलेले नाही.

मागण्याला भीक म्हणणे तर महाराष्ट्राच्या इतिहासाशी विसंगत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला आणि तरुणांना काचकाम शिकता आले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरून मूठमूठ धान्य आले. देणाऱ्यांना आपले देणे कशासाठी आहे ते ठाऊक होते, आणि घेणाऱ्यांनी त्यातून काय केले ते सर्वांसमोर होते. गणेशोत्सव मंडळांनाही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. प्रश्न मागण्याचा नाही, हिशेबाचा आहे. सोसायटीच्या गणपतीसाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरताना ज्यांची मान ताठ असते, त्यांनी मुलांच्या मानेची काळजी करू नये.

मागावे कसे, याचे नियम मात्र क्लबांनी शिकले पाहिजेत. देणगी आणि प्रायोजकत्व या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. लोकोपयोगी कामाला दिलेल्या देणगीबद्दल केवळ कृतज्ञतेची पाटी लावली तर जीएसटी लागत नाही, हे २०१९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले; जाहिरातीच्या बदल्यात पैसे घेतले तर ती सेवा ठरते. मुलांच्या पत्रांत सर्रास एक वाक्य असते: आपल्या सीएसआर निधीतून मदत करा, आम्ही गाडीवर लोगो लावू. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे असतात. पण मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, असे २०२१ चे नियम सांगतात. हे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नकार द्यायला तेवढे कारण पुरते. लोगोचे पैसे मागायचे तर विपणन विभागाकडे जावे. पैसे महाविद्यालयाच्या खात्यात घ्यावेत. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही, तेव्हा धनादेश किंवा ऑनलाइनच मागावे.

रोखीपेक्षा काम मागणे सोपे असते. भोसरी-चाकणच्या लहान कारखानदाराला पन्नास हजारांचा धनादेश जड जातो, पण लेझर कटिंग, पाइप बेंडिंग किंवा पावडर कोटिंग तो रिकाम्या पाळीत करून देतो आणि चूक असेल तर ड्रॉइंगही सुधारून देतो. रचनेत ढवळाढवळ करणारी अट कोणी घातली तर तो प्रायोजक सोडावा. स्पर्धा झाल्यावर, गाडी पहिल्या फेरीत बंद पडली तरीही, प्रत्येक दात्याला बिलांसह अहवाल पाठवावा. उरलेली रक्कम आणि दात्यांची यादी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी निकालापूर्वी पुढच्या तुकडीकडे लेखी सोपवावी.