सायलेन्सर पोलादाचा की टायटॅनियमचा?

पुण्याची नाना पेठ म्हणजे दुचाकीच्या सुट्या भागांचा बाजार. या बाजारात दुकान, गॅरेज, वेल्डिंग आणि लेथ यांवर पोट भरणाऱ्यांत आपले कारागीर आणि व्यापारी बंधू बरेच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्यापुढे एक नवी मागणी येऊ लागली आहे. तरुण गिऱ्हाईक मोबाईलवर परदेशी गाडीचे चित्र दाखवते आणि म्हणते, "असाच निळसर टायटॅनियमचा सायलेन्सर पाहिजे, बोला किती?" पैसे द्यायची तयारी असते, त्यामुळे नाही म्हणणे जड जाते.

या प्रश्नावर आमचे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या कारागिराने पोलादच धरावे. टायटॅनियम वाईट नाही, पण ती वेगळी विद्या आहे. शिकल्याशिवाय तिला हात लावू नये. आणि पोलादाला निळा रंग चढवून ते टायटॅनियम म्हणून विकणे, हा तर धंदाच नव्हे.

आधी दोन्ही धातूंचा हिशेब पाहू. एक घन सेंटीमीटर स्टेनलेस पोलादाचे वजन सुमारे ७.९ ग्रॅम, तर टायटॅनियमचे ४.५ ग्रॅम. म्हणजे पत्र्याची जाडी तीच ठेवली तर एक किलोच्या जागी साधारण ५७० ग्रॅम लागतात. टायटॅनियमला गंज लागत नाही. शर्यतीच्या गाडीला एकेक किलो मोलाचा, म्हणून तिथे हा धातू शोभतो. पण लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला दीड-दोन किलो कमी झाल्याने काय मिळणार? आणि त्यासाठी मोजायची किंमत पोलादाच्या कितीतरी पट.

शिवाय उष्णतेचा प्रश्न आहे. साधे शुद्ध टायटॅनियम ४००-५०० अंशांच्या वर सतत तापले की मऊ पडते आणि हवेतला प्राणवायू शोषून ठिसूळ होऊ लागते. इंजिनाला लागून असलेली नळी याहून जास्त तापते. तिथे पोलाद टिकते.

हाच वाद परदेशात बंदुकीच्या सायलेन्सरबद्दलही चालतो. शिकाऱ्याला खांद्यावर हलके हवे म्हणून टायटॅनियम, आणि सतत मारा करायचा असेल तर पोलाद, असा तिथला हिशेब. यात नवल नाही. अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि त्याच तत्त्वावर इंजिनांचेही सायलेन्सर काढले. दोन्हींचे काम एकच, तापलेल्या वायूला आतल्या कप्प्यांतून फिरवून थंड आणि संथ करणे. पण लेथवाल्या बंधूंनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या देशात बंदुकीचा आवाज दाबणारे साधन शस्त्र कायद्याच्या नियमांनी निषिद्ध वर्गात टाकले आहे. कोणी "फक्त एक नळी कातून द्या" म्हणत तसले चित्र घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता कामाचे पाहू. स्टेनलेस आपल्या हाताखालचे आहे. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; पावसात ते चांगले टिकते. ४०९ जातीत क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ते स्वस्त. वर तांबूस डाग पडतात, पण काम देते. ४०९ ला लोहचुंबक चिकटतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही. साध्या लोखंडाचा क्रोम केलेला सायलेन्सर मात्र आतून कुजतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, आणि जवळच्या फेऱ्यांत गाडी पुरती तापत नसल्याने ते तळाशी साचून राहते.

टायटॅनियमचे वेल्डिंग तसे नाही. सांध्याच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून आर्गॉन वायूचे संरक्षण लागते, आणि सांधा ४०० अंशांखाली येईपर्यंत ते काढता येत नाही. सांधा चांदीसारखा चमकला तर काम चांगले. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर सांधा ठिसूळ झाला, तो पुढे तडकणारच. लेथवर हा धातू उष्णता लवकर वाहून नेत नाही, ती हत्याराच्या टोकाशीच साठते. म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. त्याचा बारीक कीस पेट घेतो, आणि त्या आगीवर पाणी ओतले तर ती आणखी भडकते. कोरडी वाळू जवळ हवी. चिंचोळ्या गाळ्यात, शेजारी पेट्रोलचा डबा ठेवून करण्याचे हे काम नव्हे.

सर्वांत मोठा धोका मात्र खोट्या मालाचा. पोलाद तापवले की तेही निळे-जांभळे होते, आणि असा माल "टायटॅनियम" म्हणून बाजारात फिरतो. लोहचुंबकाने ३०४ आणि टायटॅनियम यांतला फरक कळत नाही. तुकडा तोलून पाण्यात बुडवावा आणि किती पाणी सरते ते मोजावे. वजनाचा हिशेब लगेच खरे-खोटे सांगतो. ग्राइंडरवर टायटॅनियमची ठिणगी लख्ख पांढरी उडते, स्टेनलेसची पिवळट-नारिंगी. पोलाद असेल तर बिलावर पोलादच लिहावे. पेठेत नाव कमवायला पिढी जाते आणि एका खोट्या बिलाने ते बुडते. अशा कमाईत बरकत नाही.

शेवटी आवाजाची गोष्ट. निळ्या रंगाबरोबर गिऱ्हाईक बहुधा मोठा आवाजही मागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाज व प्रदूषणाची मर्यादा मोडणाऱ्या वाहनाला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. वर परवानाही तीन महिने जातो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारे साधन एक्झॉस्टच्या मार्गातच असते. सायलेन्सर बदलताना तेच काढून टाकले की दुसरा गुन्हा. पुण्यात जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडले, हे सर्वांनी पाहिले आहे. त्या ढिगात कुणा कारागिराची मेहनतही चिरडली गेली. आणि रात्री दोन वाजता त्या फटाक्यांनी दचकून उठणारा आजारी माणूस आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

मग करायचे काय? सडलेला सायलेन्सर मूळ मापाने, आतले पडदे शाबूत ठेवून, चांगल्या ३०४ पत्र्यात नीट बांधून देणे हे मानाचे आणि कायम चालणारे काम आहे. चार-सहा कारागिरांनी एकत्र येऊन आपल्या नमुन्याची चाचणी करून घेण्याचा विचार करावा. वाहनांच्या आवाजाची आणि धुराची तपासणी करणारी एआरएआय ही १९६६ सालची संस्था आपल्याच पुण्यात, कोथरूडच्या टेकडीवर आहे. आणि ज्या तरुणाला टायटॅनियमची ओढ आहे त्याने ते अवश्य शिकावे, पण रीतसर उस्तादाच्या हाताखाली. हाडात बसवायच्या पट्ट्या, विमानाचे भाग, रासायनिक कारखान्यांच्या नळ्या यांना हा धातू लागतो. त्या कामाला पैसा आहे आणि इज्जतही.

सायलेन्सरचे काम आवाज कमी करणे. ते विसरून विकलेला माल, धातू कोणताही असो, शेवटी दुकानदाराच्याच अंगावर येतो.