जुन्या ग्रंथांची छायाचित्रे पुरत नाहीत, मजकूर द्या

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ



3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या हक्काने एक मागणी करतो आहे.

आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याने हयातीत छापलेले लेखन सर्वांसाठी खुले होते. म्हणजे जोतीराव फुले, 1919 साली गेलेले हरिभाऊ आपटे आणि गडकरी, 1950 साली गेलेले साने गुरुजी, 1956 साली गेलेले मर्ढेकर आज आपल्या सर्वांचे आहेत. परवानगी कुणाची लागत नाही, मानधन कुणाला द्यावे लागत नाही.

मंडळाने आपली अनेक पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली, त्याबद्दल मनापासून आभार. पण इंटरनेटवर सापडणारी बहुतेक जुनी मराठी पुस्तके म्हणजे पानांची छायाचित्रे आहेत. मोबाइलच्या पडद्यावर ओळ मावत नाही; प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. शब्द शोधता येत नाही. आणि स्क्रीन रीडरवर ऐकून वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर अशा पुस्तकातून एक अक्षरही मिळत नाही. त्याच्यासाठी ते पुस्तक बंदच आहे.

यंत्राने अक्षरे ओळखून घेता येतात, हे खरे. पण खिळ्यांच्या जुन्या छपाईतली जोडाक्षरे, पुसट मात्रा, 1962 च्या लेखननियमांपूर्वीचे अनुस्वार यांवर यंत्र अडखळते. शेवटी मूळ प्रत शेजारी ठेवून माणसालाच ओळ न् ओळ वाचावी लागते. हे मुद्रितशोधकाचे काम आहे. ते जाणणारी माणसे महाराष्ट्रात अजून आहेत आणि त्यातली कित्येक कामाच्या शोधात आहेत. त्यांना रास्त मोबदला द्या. मराठी विकिस्रोतावर काही स्वयंसेवक हेच काम फुकट करत आहेत. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण एका राज्याच्या वाङ्मयाचा भार मूठभर लोकांच्या फावल्या वेळावर टाकणे बरोबर नाही.

तमिळनाडूकडे पाहा. सुब्रमण्य भारतींच्या लेखनाचे हक्क मद्रास सरकारने 1949 मध्येच घेतले आणि पुढे ते जनतेला खुले केले. त्यानंतर इतर अनेक लेखकांच्या वारसांना मोबदला देऊन त्यांचेही लेखन सरकारने मुक्त केले. आपल्याला तर वर सांगितलेल्या लेखकांसाठी तेवढाही खर्च नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. हक्कमुक्त ग्रंथांची यादी जाहीर करा. त्यांचा तपासलेला मजकूर युनिकोडमध्ये द्या. मूळ लेखन जसेच्या तसे राखा, पण शोधताना आजच्या लेखनाचा शब्दही सापडेल अशी सोय करा. नाहीतर ‘लक्षात’ लिहून शोधणाऱ्याला ‘लक्षांत’ सापडणार नाही. कोणती आवृत्ती वापरली ते नोंदवा. कुणालाही तो मजकूर उतरवून घेण्याची, पुन्हा छापण्याची, ध्वनिमुद्रित करण्याची मुभा ठेवा.

सगळे एकदम होणार नाही, हे कळते. येत्या 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, अशी पहिली दहा पुस्तके वाचकांच्या हाती द्या. सुरुवात फुल्यांनी हयातीत छापलेल्या पुस्तकापासून करावी, ही विनंती.

आपला,
एक मराठी वाचक