बदलापूरहून दिल्ली किती लांब?

मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर. वेळापत्रकात त्यासाठी सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लिहिलेला असतो. विमान जागचे हलल्यापासून पलीकडे जाऊन उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यात येतो, धावपट्टीसाठी रांगेत खोळंबण्याचासुद्धा. येत नाही तो बदलापूर ते सहार हा प्रवास.

बदलापूरकर सामान सांभाळत लोकलने घाटकोपरला उतरतो, मेट्रोने मरोळ नाक्याला जातो आणि तिथून, २०२४ च्या ऑक्टोबरपासून, भुयारी मेट्रोने एक स्थानक पुढे. सगळे जुळून आले तरी दोन तास. विमानतळावर आणखी दोन तास आधी पोहोचायचे. म्हणजे सव्वादोन तास उडण्यासाठी चार तास जमिनीवर! विमान पहाटे सहाचे असले तर मेट्रोही नसते; मग रात्री दोनला गाडी ठरवायची आणि लेकाला निरोप द्यायला निघालेल्या आईवडिलांनी रात्रभर जागायचे. पावसाळ्याचा भरवसा तर विचारूच नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या भागात कोण विसरेल?

म्हणूनच नवी मुंबई विमानतळाचे इथे कौतुक झाले. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने सुटू लागली. नकाशावर पट्टी ठेवली तर बदलापूरहून सहार सुमारे ४२ किलोमीटर, नवा विमानतळ जेमतेम २७. अंबरनाथ-उल्हासनगरकरांचा फायदा यापेक्षा कमी, पण आहेच. (तिकीट काढताना मात्र मुंबई की नवी मुंबई, हे डोळे उघडे ठेवून पाहावे.)

गंमत अशी की पट्टीला डोंगर दिसत नाहीत. मध्ये मलंगगड आणि माथेरानची रांग आडवी उभी आहे. गाडीने जायचे तर काटई, शिळफाटा, तळोजा, कळंबोली असा वळसा. शिळफाट्याची कोंडी ज्याने सोसली आहे, त्याला किलोमीटरचे आकडे सांगू नयेत. बडोदा-मुंबई द्रुतगती मार्गासाठी बदलापूरजवळ डोंगरातून चार किलोमीटरहून लांब बोगदा खोदला आहे. त्याचा लाभ मोठा, पण तो मोटारवाल्यांना.

लोकलच्या पासावर जगणाऱ्यांचे काय? ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर पकडणे हा आजचा मार्ग, म्हणजे आधी पश्चिमेला जाऊन मग दक्षिणेला. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग झाला तरी बदलापूरकराला प्रथम ३२ किलोमीटर उलट दिशेने कर्जत गाठावे लागेल. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला आणि अंबरनाथच्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाला तर तो निरुपयोगीच.

खरा उपाय डोळ्यांसमोर आहे. दिवा-पनवेल लोहमार्ग अनेक दशकांपासून आहे. निळजे, तळोजे, कळंबोली ही स्थानकेही त्यावर आहेत. पण प्रवासी गाड्या मोजक्या, मालगाड्या उदंड. या मार्गावर कल्याणहून नियमित लोकल सोडायची तर मार्गिका वाढवाव्या लागतील, दिव्याचा गुंता सोडवावा लागेल. खर्चाचे काम आहे, मान्य. पण ज्यांच्यासाठी विमानतळ पंधरा किलोमीटर जवळ आला असे सांगितले जाते, त्यांच्या लोकप्रतिनिधींनी यापुढे रेल्वेकडे मागायची पहिली गोष्ट हीच आहे.