घड्याळाचा विटाळ

पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतची वाट कुणी घड्याळ लावून पळायची म्हटली, की आमच्या कोल्हापुरातल्या काही सद्गृहस्थांच्या कपाळाला आठ्या पडतात. पवित्र वाट ही, हात जोडून चालावी, येथे विक्रम कसले करता, असा त्यांचा सवाल! विचारणारे बहुधा खिंडीपर्यंत मोटारीने जातात, ही गोष्ट अलाहिदा.

या वाटेला घड्याळाचा विटाळ होत असेल, तर तो १६६० सालीच झाला आहे. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला तो कशासाठी? सिद्दी जौहरचे चार तास खाण्यासाठी. बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले, तेही तासांसाठीच. विशाळगडाची तोफ ऐकू येईपर्यंत. त्या पावसाळी रात्रीचा सगळा पराक्रम वेळ विकत घेण्याचा होता, आणि किंमत प्राणांनी मोजली गेली. मग त्याच वाटेवर वेळ मोजली तर पाप कसले? ग्रीसमध्ये अथेन्स ते स्पार्टा ही २४६ किलोमीटरांची शर्यत १९८३ पासून भरते. तिची अखेर होते लिओनिडासच्या पुतळ्यापाशी, म्हणजे खिंड लढवून पडलेल्या दुसऱ्या एका वीरापाशी. तेथे कुणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही.

आता दोन शब्द पळणारांना. हा खेळ एकट्याचा. ठरल्या वाटेवर वाटेल त्या दिवशी पळावे, उपकरणाने वाट व वेळ नोंदवून पुरावा द्यावा, आणि 'ज्ञात असलेला सर्वांत कमी वेळ' म्हणून तो मिरवावा. यातला 'ज्ञात' हा शब्द मोठा शहाणा आहे. पण आधी वाट तर एक हवी! एकजण मसाई पठारावरून, करपेवाडी, आंबेवाडीच्या चिखलातून जाणार, दुसरा सोयीप्रमाणे डांबरी रस्ता धरणार. एक आषाढात जळवा सोशीत, दुसरा माघात कोरड्या पायाने. या वेळा एका कागदावर मांडणे म्हणजे वजनाचे काटे बदलून गूळ विकणे होय. शिवाय पावनखिंडीत थांबायचे आणि नाव विशाळगडाचे सांगायचे, हे तर मुळीच चालू नये. त्या खिंडीत थांबण्याचा अधिकार बाजींच्या माणसांचा.

आणि मदतीचे काय? कोणाची मदत घेतली, हे सांगण्याचा या खेळाचा दंडक आहे. तो येथे दुप्पट पाळावा. महाराज पालखीतून गेले म्हणतात. म्हणजे पळाले ते भोई! काळोखात, निसरड्या उतारावर, खांद्यावर स्वराज्य घेऊन. त्यांतल्या एकाचे तरी नाव आम्हा मास्तरांना वर्गात सांगता येते का? पोरे विचारतात, आणि आम्ही पान उलटतो. तेव्हा आजच्या नोंदीत पळणाराच्या नावाखाली पाणी देणाराचे, वाट दाखवणाऱ्या वाडीतल्या पोराचेही नाव लागलेच पाहिजे.

२०२५ साली पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, आनंद आहे. पण गड यादीत गेला, ही वाट नाही. ती डांबराखाली जायच्या आत वाडीवाडीतल्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन एकदा चालून पक्की करावी, खुणेचे दगड रोवावेत, नकाशा ग्रामपंचायतींत टांगावा. हे काम येत्या आषाढाच्या आत व्हावे. मग खुशाल घड्याळे लावा.