गण कुणाचा, उचल कुणाची

परवा जयंतीच्या मिटिंगमध्ये ठराव झाला : तमाशावाल्याला आपल्या स्टेजवर घ्यायचं नाही. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याचा शाल देऊन सत्कार करावा, एवढीच माझी सूचना होती. ती अकरा विरुद्ध दोन मतांनी पडली. दोनातलं एक मत माझं. दुसरं चहा घेऊन आलेल्या पोराचं, आणि ते धरायचं की नाही यावरसुद्धा वाद झाला. ठराव मांडणारा कार्यकर्ता शिकलेला, वाचणारा, आपलाच. म्हणाला, "बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावाचा पैसा नाकारला होता. तुम्ही तमाशात राहून आलाय, म्हणून तुम्हाला पुळका." पुढचा विषय डीजेचा. तो एका मिनिटात मंजूर.

दोस्तहो, पुळका नाही. हिशेब आहे. तो मला द्यायचाय, आणि त्यात माझ्या नावावरही काही रक्कम निघते.

होय, मी तमाशात राहून आलोय. एक हंगाम, १९९७ च्या दसऱ्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकत होतो. शेवटच्या वर्षी कुठल्या तरी फिरत्या मंडळीत उमेदवारी करून अहवाल द्यायचा असे. बरोबरची पोरं पुण्या-मुंबईच्या धंदेवाईक नाटकांच्या बसमध्ये जाऊन बसली. मला सर म्हणाले, "तू तमाशाच्या फडात जा. तुला सोपं जाईल. तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते."

रक्तातच आहे! आमच्या रक्तात हलगी, सरांच्या रक्तात प्राध्यापकी. कधी कुणाच्या रक्तात तंबूची मेख ठोकणं सापडलंय का? ते मात्र हाताला फोड येऊन शिकावं लागतं. ज्या हलगीवाल्याबद्दल मी बोलतोय, ते नाना, सात वर्षं बापाच्या छड्या खाऊन हलगी शिकले. पण शिकला म्हटलं की पगार द्यावा लागतो. रक्तात आहे म्हटलं की टाळी दिली तरी भागतं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. घाटकोपरला रमाबाई नगरात गोळीबार होऊन बरोबर तीन महिने झाले होते. ११ जुलैला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, वस्ती रस्त्यावर, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. डोकं तापलेलंच होतं. अशा डोक्यानं मी दसऱ्याला फडावर हजर झालो. दसऱ्याला फडाचा नारळ फुटतो, हंगाम सुरू होतो. आपलं माणूस त्या दिवशी पांढरे कपडे घालून नागपूरची वाट धरतं. फडातलं आपलं माणूस त्याच दिवशी ट्रकच्या टपावर बसून पहिल्या मुक्कामाला निघतं. हे असं आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तुम्हाला आहे?

फड मोठा होता, तंबूचा. शंभराच्या आसपास माणूस, तीन ट्रक, एक जनरेटर. महार, मातंग, कोल्हाटी, थोडी इतर. दुपारी तळ पडायचा. बिगारी खांब उभे करायचे, कनात ताणायचे. उमेदवार म्हणून मीही त्यांच्यातच. रात्री पेटीमागं बसून वगातल्या नव्या पोरांना संवाद सांगायचे. पहाटे कनात गुंडाळायची आणि पुढच्या गावी ट्रकमध्ये गोधडीवर पडायचं. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग हा क्रम मला पुस्तकातून पाठ होता. पुस्तकात हे नव्हतं, की थंडीत हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून बोर्डामागं पाचोळा पेटवून ती सारखी तापवावी लागते. बतावणीत सोंगाड्या पब्लिकचा अंदाज घेत घेत शब्द फिरवतो आणि गावच्या पाटलाला असा चिमटा काढतो की पाटीलच पहिला हसतो. शाळेत मला तीन वर्षांत जेवढं नाटक कळलं नव्हतं, तेवढं तिथं तीन आठवड्यांत कळलं. हे मी आजही म्हणतो. कुणाला पुळका वाटायचा तर वाटो.

आता उचल. ही नीट समजून घ्या, कारण माझं सगळं भांडण इथंच आहे. पावसाळ्यात फड बंद. तीन-चार महिने चूल पेटवायला पैसा नसतो. मग मालक पुढच्या हंगामाची रक्कम आगाऊ देतो, तीच उचल. ती पगारातून कापायची. मधे कुणी आजारी पडलं, लग्न निघालं की पुन्हा उचल. हंगाम संपला तरी आकडा शिल्लकच. तो फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही. सोडायचाच तर दुसरा मालक आकडा भरणार आणि माणूस आकड्यासकट इकडून तिकडं जाणार. बैल असाच जातो. फडमालक काही पेशवा नव्हता. तोही आपल्यातलाच, त्याच्याही डोक्यावर सावकार. डिझेलला व्याजानं पैसे काढायचा. साखळीत वरच्या कडीलाही गंज असतो, पण खालची कडी जास्त वजन पेलते.

वेठबिगारी मोडणारा कायदा देशात १९७६ साली झाला. आगाऊ घेतलेल्या पैशापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणं त्यानं गुन्हा ठरवलं. वीटभट्टीवरची उचल आपल्याला कळते, ऊसतोडीतली कळते. बोर्डावरची कळत नाही, कारण तिथं दिवे असतात.

६ डिसेंबर. नगर जिल्ह्यातलं एक गाव. मी काळी फीत लावून बसलो होतो. खेळाच्या आधी नानांनी आपली पत्र्याची ट्रंक उघडली. झाकणाच्या आतून बाबासाहेबांचा छोटा फोटो चिकटवलेला. त्यांनी मेणबत्ती लावली, हात जोडले. आणि दहा मिनिटांनी बोर्डावर जाऊन गणाला हलगी धरली. गण गणपतीचा. रोजच्यासारखा.

मी उखडलो. खेळ सुटल्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना? तिसरी काय सांगते? निदान आजच्या दिवशी तरी लाज वाटायला पाहिजे होती."

नाना हलगीला फडकं गुंडाळत होते. म्हणाले, "तिसरी मला पाठ हाय, पोरा. आन् आकडा बी पाठ हाय. साडेआठ हजार. त्यो फिटला की दुसऱ्या रातीला गण सोडतो. फेडतोस का तू?"

माझ्या खिशात विद्यापीठाच्या स्कॉलरशिपचे चारशे रुपये होते. मी गप्प बसलो.

दुसरी एक रात्र सांगतो. जत्रेचा खेळ. गवळणीनंतर रंगबाजी चालू असताना गावच्या पुढाऱ्याचं पोरगं दारू पिऊन बोर्डावर चढलं आणि नाचणाऱ्या पोरीचा हात धरून ओढायला लागलं. तिनं एक ठेवून दिली. बरोबर केलं. पण पुढच्या वर्षाची सुपारी त्याच गावची होती. मॅनेजरनं तिला पडद्यामागं नेलं, समजावलं, आणि पुन्हा बोर्डावर आणून त्या पोराची माफी मागायला लावली, माईकवरून. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. शंभर माणसं फडात होती, कुणी हललं नाही. मीही नाही. माझ्या हातात वही होती आणि मी लिहून घेत होतो. पहाटे ती ट्रकमध्ये माझ्या समोरच बसलेली. म्हणाली, "दादा, लिवलंस का समदं?" बास, एवढंच. ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

परत येऊन अहवाल लिहिला. ऐंशी पानं. त्यात सहा पानं उचलीवर, दोन त्या माफीवर. सरांनी ती आठ पानं लाल पेन्सिलीनं आडवी कापली आणि समासात लिहिलं : विषयांतर. बाकीच्यावर खूश होते. लोककलेतली 'आदिम ऊर्जा' मी छान टिपलीय म्हणाले. मी काय केलं? आठ पानं काढली, पुन्हा बांधणी केली, पहिला वर्ग घेतला. ही माझ्या नावावरची रक्कम. आजवर फिटलेली नाही.

हे फक्त त्या एका सरांचं नाही. १९६५ साली 'विच्छा माझी पुरी करा' आलं, शहरी प्रेक्षकाला बतावणी आवडायला लागली. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' आलं, लोकरंगभूमीतून उचललेल्या गोष्टींची चर्चा देशभर झाली. नाटकं म्हणून ती मोठीच आहेत, मी त्यांच्याकडून शिकलोय. पण फॉर्म शहरात गेला आणि माणूस फडातच राहिला, हे कुणी बोलत नाही. त्याच १९७२ साली 'पिंजरा' आला. सगळा महाराष्ट्र त्या बिचाऱ्या आदर्श मास्तरासाठी रडला. तमाशातल्या बाईला कोण पिंजऱ्यात घालतं हे विचारायला मात्र कुणी थिएटरात थांबलं नाही. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. पोटात कळा सुरू असताना ही बाई बोर्डावर नाचली, मागं जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर आली, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. कौतुक कसलं त्यात? पब्लिक उठून गेलं असतं आणि सुपारी बुडाली असती, हे आहे त्यात.

प्रस्थापितांकडून मला अपेक्षा नव्हती. राग आपल्यांचा आहे.

पठ्ठे बापूरावांची गोष्ट आपल्याकडे तोंडोतोंडी आहे. महाडच्या वेळी त्यांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी घेतलं नाही. आपल्या बायाबापड्यांना नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. पवळा आपल्यातली. नाकारला तो हा व्यवहार. आपण काय नाकारलं? पैसा नव्हे, तो आज जिथून मिळेल तिथून वर्गणीत घेतो. पावतीबुक काढून बघा. आपण पवळेला नाकारलं.

आणि १९३६ विसरलात का? त्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब वाघ्या, देवदासी, जोगतिणी यांच्यासमोर बोलले. कठोर बोलले, हे जिणं सोडा म्हणाले. पण त्यांच्यासमोर उभं राहून बोलले. आपण पाठीमागं ठराव करतो. गावकीची हलगी आपल्या बापजाद्यांनी फेकली ते शंभर टक्के बरोबर. मेल्याची दवंडी, पाटलाच्या दारातली वरात, आणि बदल्यात शिळी भाकर. पण त्याच ढोलकीला, त्याच बतावणीला हाताशी धरून भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गणातला देव बदलला, सोंगाड्याच्या तोंडी सवाल बदलला. त्याच्याही आधी सत्यशोधक जलशांनी गणपतीला गणांचा पती म्हणून माणसात आणला होता. वाद्य कुणाचं गुलाम नसतं. वाजवणारा कुणाच्या वहीत आहे ते बघा.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं ते नेमकं पाडव्याच्या तोंडावर. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, वर्षाच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, तेव्हाच. सलग दोन वर्षं जत्रा बुडाल्या. ढोलकीवाले शेतमजुरीला गेले. सरकारनं २०२१ साली कलावंतांना एकदाच पाच-पाच हजार मंजूर केले. त्या दोन वर्षांत उचलीचे आकडे कुठं गेले असतील, याची चौकशी आपल्या एका तरी संघटनेनं केली का? नारायणगावला पाडव्यानंतर एक दिवस जा. निवेदन, मोर्चा राहू द्या. वही घेऊन राहुटीत बसा आणि एकेकाचा आकडा लिहून घ्या. मी तो एकदा लिहिला होता आणि फाडला. तुम्ही फाडू नका.

हेही ध्यानात घ्या, की १४ एप्रिल ऐन जत्रांच्या हंगामात येतो. फडातल्या माणसाला आयुष्यभर जयंती दिसत नाही. त्या रात्री तो कुठल्या तरी देवाच्या जत्रेत बोर्डावर असतो. नानांचं वय आता सत्तरीपार. आकडा फिटला नाही, हात थरथरायला लागले म्हणून मालकानं सोडून दिलं. गेली चार वर्षं ते वस्तीतच आहेत, आपल्या जयंतीच्या मांडवापासून सहा घरं पलीकडं. शाल त्यांच्यासाठी होती. त्यांनी मागितली नव्हती, हेही सांगतो.

येत्या रविवारी पुन्हा मिटिंग आहे. ठराव फेरविचाराला घ्या, असं पत्र मी दिलंय. नानांना घेऊन येणार आहे. प्रतिज्ञेचा सवाल ज्याला विचारायचा त्यानं तिथं, समोर विचारावा. संध्याकाळचा गारठा आहे, हलगी तापवावी लागेल. कुणीतरी थोडा पाचोळा आणून ठेवा.